दोनदा दाबलेले बटण

मी एक जुने बटण आहे, मित्रांनो. सदऱ्याचे नव्हे, संगणकाच्या स्क्रीनवरचे. ऑपरेटिंग सिस्टीम तयार करणाऱ्या एका कचेरीत प्रोग्रामर ताईने मला घडवले. दाबताच मी आत बसावे, आणि हाती घेतलेले काम पुरे होईपर्यंत फिके पडून दुसऱ्यांदा दाबले जाऊ नये, हे वळण तिनेच लावले. त्या सिस्टीमवर स्क्रीन बनवणाऱ्या सगळ्यांनी मला जसेच्या तसे उचलून वापरावे, एवढाच तिचा आग्रह.

तिच्या साहेबांना ते पटत नसे. त्यांना माघारी सगळे 'फूटपट्टी' म्हणत. बटणाचा रंग, कोपऱ्यांची गोलाई, मधले अंतर, सगळ्याचे कडक नियम त्यांनी लिहिले होते.

"तयार माल लोकांच्या गळ्यात कशाला मारायचा? नियम पाळून ज्याने त्याने आपापलं बटण काढावं."

"साहेब, हे नियम दिसण्याचे झाले. वागण्याचं काय?"

"दिसणं नीट असलं की वागणं येतं मागोमाग!"

झाले! माझ्या वाट्याला कोपऱ्यातली किरकोळ कामे उरली.

एका धुलाई कारखान्यात चादरींना इस्त्री करणारे एक यंत्र आमच्याच सिस्टीमवर चाले; त्याच्या स्क्रीनवर मी 'मदत' या नावाने उभा होतो. शेजारचे 'चालू-बंद' बटण यंत्रवाल्यांनी स्वतः काढलेले. देखणे, नियमांत चोख. तिथे दोघी जावा कामाला होत्या. थोरली स्क्रीनपाशी उभी राही, धाकटी तापलेल्या रुळांत चादरी सरकवी.

एका दुपारी धाकटीची बाही रुळांत ओढली गेली.

"जाऊबाई, बंद करा! हात चाललाय आत!"

थोरलीने बटण दाबले. जड रूळ लगेच थांबत नाहीत, आणि बटण तर ढिम्म! ना आत बसले, ना फिके पडले. दाबलेच गेले नाही असे वाटून तिने पुन्हा दाबले. थांबू लागलेले यंत्र त्या दुसऱ्या दाबाने परत सुरू झाले. मी बोटभर अंतरावर होतो, पण काही करू शकत नव्हतो. थोरली धावली आणि तिने भिंतीवरचा मोठा खटका खाली ओढला. हात वाचला, बोटे मात्र भाजली.

चौकशीला साहेब आणि ताई आले. साहेबांनी स्क्रीनला पट्टी लावून पाहिली. "सगळं नियमात आहे. बाईंनी घाई केली."

थोरलीची मान खाली गेली. तेव्हा बांधलेला हात सावरत धाकटी पुढे झाली.

"तुम्ही उभे राहा तिथं. मी ओरडते, मग दाबा."

यंत्र रिकामेच सुरू केले गेले. तिने किंकाळी फोडली, तशीच, काळीज चिरणारी. साहेबांनी दाबले. आणि विचार करण्याआधीच पुन्हा दाबले.

रूळ फिरतच राहिले.

ताईने खटका ओढला. साहेबांनी स्वतःच्या बोटाकडे पाहिले. मग थोरलीला म्हणाले, "चूक तुमची नव्हती, बाई. माझी होती."

आता त्या यंत्रावर 'चालू-बंद'चे काम मी करतो. साहेबांचे नियम अजून कडकच आहेत, पण तयार बटण असेल तर तेच वापरा, हा नियम सर्वांत वर आला आहे. धाकटीचे एक बोट मात्र अजून नीट वाकत नाही.

मित्रांनो, उद्या तुमच्यापैकी कुणी बटणे घडवेल. ती सुंदर करा, जरूर करा. पण निवांत खोलीत बसून पारखू नका. ती दाबणारा हात कधीतरी भीतीने थरथरत असेल. त्या हाताला पहिल्याच दाबाला उत्तर द्या.