हेमराजशेठची मर्सिडीज

तलावाच्या पाळीवरच्या मोहाच्या झाडापाशी पोचल्यावर ड्रायव्हर धर्मेंद्र थांबला, गाडीकडे पाठ केली आणि पाण्याकडे पाहत उभा राहिला. शेठचा नियमच होता तसा. मोहापर्यंत जायचं, मागे वळायचं नाही, हॉर्न वाजला की परतायचं. इंजिन मात्र चालू ठेवायचं, कारण एसी लागायचा. काचा सगळ्या वर असल्या की आत माणूस उकडून निघतो, आणि शेठला तर आत मेहनतीचं काम असायचं.

पाण्यावर शिंगाड्याचे वेल पसरले होते. पलीकडच्या धानाच्या बांध्यांत पीक कापून आडवं पडलेलं होतं. मागे चाळीसेक पावलांवर काळी मर्सिडीज उभी होती आणि तिच्या मागच्या सीटवर हेमराजशेठ आपल्या बायकोला मारत होता. धर्मेंद्रला काही म्हणता काही ऐकू येत नव्हतं. त्या गाडीचा लौकिकच तो होता.

नागपूरच्या एका डॉक्टरकडून ती गाडी घेऊन शेठ तुमसरला आला, तेव्हा अर्धा बाजार राइस मिलच्या अंगणात जमला होता. गाडी जुनी होती, पण तुमसरला तिच्यासारखी दुसरी नव्हती. शेठनं एकेका पाहुण्याला आत बसवलं, काचा वर केल्या आणि बाहेर हमालाला तेलाचा रिकामा डबा बडवायला लावला. पाहुणा बाहेर आला की शेठ विचारायचा, काही ऐकू आलं काय? पाहुणा कानाला हात लावायचा. "जर्मनीची वस्तू हाये," शेठ म्हणायचा. "बाहेरचं आत नाई, अन् आतलं बाहेर नाई." यातल्या दुसऱ्या अर्ध्याचा उपयोग काय, ते धर्मेंद्रला पुढे कळलं.

घरात शेठची म्हातारी आई होती, दोन भावजया होत्या, खिडकीखाली हमालांची वर्दळ. शिवाय शेठ मंदिराच्या समितीचा अध्यक्ष, कोणाचं घरगुती भांडण असलं तर मिटवायला जाणारा माणूस. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. शेठची मूठ या गाडीनं झाकली होती.

त्या गाडीच्या कंपनीचा इतिहासही शेठला तोंडपाठ होता. मिलमध्ये कोणी आलं की चहा सांगायचा आणि इतिहास सुरू. सव्वाशेहून जास्त वर्षांपूर्वी कार्ल बेंझ नावाच्या माणसानं तीन चाकांची गाडी केली, घोड्याशिवाय चालणारी. घेईना कोणी. लोक म्हणायचे, भुताटकी आहे. शेवटी त्याच्या बायकोनं, बर्थानं, एका पहाटे नवरा झोपेत असताना गाडी बाहेर काढली, दोन पोरं बसवली आणि शंभर किलोमीटरवरच्या आपल्या आईच्या गावाला निघाली. नळी तुंबली, तिनं टोपीच्या पिनेनं साफ केली. ब्रेक झिजला, वाटेतल्या चांभाराकडून चामडं ठोकून घेतलं. तेल संपलं, औषधाच्या दुकानातून घेतलं. "नवऱ्याले न विचारता बाई माहेराले गेली," शेठ मांडीवर थाप मारून सांगायचा, "अन् पोचल्यावर तार केली, पोचली म्हणून. तवापासून दुनियेनं भरोसा ठेवला या गाडीवर." लोक हसायचे. चहाचे कप उचलायला आलेली शेठची बायको कामिनी दारात उभी राहून ऐकायची. धर्मेंद्र बाहेर बोनेट पुसता पुसता ऐकायचा. दोघांनाही ती गोष्ट पाठ झाली होती.

गेल्या उन्हाळ्यात एकदा तिनं विचारलं, पाहुण्यांच्या देखत, कप हातात घेऊन.

"मंग ते वापस आली तवा नवऱ्यानं काय केलं तिले?"

पाहुणे खो खो हसले. सगळ्यांत मोठ्यानं शेठ हसला. म्हणाला, काय करणार बिचारा, शाबासकी दिली असेल. आणि ऊन उतरल्यावर कामिनीला म्हणाला, चल, जरा फिरून येऊ. धर्मेंद्रनं मोहापर्यंतचा रस्ता त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला.

त्यानंतर दोनदा. दुसऱ्या वेळी तिचा हात मोडला. दवाखान्यात नर्सनं पतीचं नाव विचारलं, तर ती गप्प. लग्नाला अठरा वर्षं झाली होती, पण तिच्या गावाकडची रीत अशी की बाईनं नवऱ्याचं नाव तोंडातून काढायचं नाही. काढलं तर नवऱ्याचं आयुष्य कमी होतं. तिनं धर्मेंद्रकडे पाहिलं आणि नाव त्यानं सांगितलं. कशानं लागलं, याचं उत्तर मात्र तिनं स्वतः दिलं. म्हणाली, पडली.

दुसऱ्या दिवशी धर्मेंद्रनं मागची सीट पुसली. पिवळट चामड्याच्या शिवणीत शिरलेलं रक्त आगपेटीच्या काडीला कापूस गुंडाळून काढावं लागतं, हे तो तेव्हा शिकला. गालिच्यात बांगड्यांचे तुकडे सापडले. ते त्यानं चुन्याच्या रिकाम्या डबीत भरून ठेवले. फेकले नाहीत आणि कोणाला दाखवलेही नाहीत. घरी बायकोला, वच्छलाला, सांगितलं, तर ती भाकरी थापता थापता म्हणाली, मोठ्यांच्या घरातलं आहे, आपण पडलो बौद्ध वस्तीतले, तुम्ही काय करणार? तो मूग गिळून बसला. त्याची त्याला लाज वाटायची, आणि लाज वाटूनही तो दर वेळी मोहापर्यंत चालत जायचा.

आज तर मंडईचा दिवस होता. दिवाळी झाली की या भागात गावोगाव मंडई भरते, पाळणे लागतात, दंडारीच्या खेळाचे ढोल वाजतात आणि लेकी माहेरी येतात. माहेरची, नाकाडोंगरीची मंडई कामिनीनं दोन वर्षं पाहिली नव्हती. या वेळी तिचा भाऊ ताराचंद स्वतः मिलमध्ये आला आणि चार व्यापाऱ्यांसमोर त्यानं आमंत्रण दिलं. चार लोकांत शेठ नाही कसं म्हणणार? म्हणाला, मीच घेऊन येतो, मर्सिडीजमध्ये. कामिनी हिरवं लुगडं नेसून, मांडीवर अनारशांचा डबा घेऊन गाडीत बसली. अर्ध्या रस्त्यात ती एवढंच बोलली की आईची तब्येत बरी नाही, दोन दिवस राहीन म्हणते. शेठनं खिडकीबाहेर पाहत म्हटलं, "पाळीवर घे, धर्मा."

हॉर्न वाजला. आखूड, एकदाच.

धर्मेंद्र परतला, दार उघडून आपल्या जागेवर बसला. आत गारवा होता, अत्तराचा वास होता आणि त्याखाली तांब्याच्या भांड्यासारखा रक्ताचा वास. अनारसे पायाखाली चुरले होते. शेठनं अंगठी काढून खिशात टाकली, बोटांची हाडं चोळली आणि म्हणाला, "घे वापस. झाली मंडई." मग तो पाळ उतरून पाण्याकडे गेला. हेही दर वेळचंच. मार संपला की शेठ हात धुवायचा, बोटांच्या मधे माती चोळून, स्वयंपाकाच्या आधी बाई धुते तसे. तेवढी दोन-तीन मिनिटं गाडीत ड्रायव्हर आणि ती, एवढेच उरायचे.

दर वेळी ती बाहेर पाहायची. आज ती आरशात पाहत होती. एक डोळा मिटला होता. ओठ मधोमध फाटून हनुवटीवरून रक्त पोलक्यात उतरत होतं आणि डाव्या हाताची दोन बोटं भलतीकडेच वळली होती.

"धर्मेंद्रभाऊ," ती म्हणाली, "आज घरी गेली तं मी वाचत नाई."

रडून सांगितलं असतं, तर कदाचित त्याला मान फिरवता आली असती. ती दुखणं सांगावं तसं साधं बोलली. धर्मेंद्रचा पाय ॲक्सिलरेटरवर गेला. अर्ध्या तासात नाकाडोंगरी. शेठ पाण्यापाशीच राहिला असता.

आणि मग? दिवस बुडायच्या आत सगळ्या तुमसरात झालं असतं की ड्रायव्हरनं शेठची बायको पळवली. आणि ड्रायव्हर कोणाचा, कुठल्या वस्तीतला, हे सांगायला लोक विसरले नसते. तिचा फाटलेला ओठ कोणी पाहिला नसता. ती कोणाबरोबर आली तेवढंच पाहिलं असतं. वस्तीवर माणसं चालून आली असती, घरात वच्छला होती, पोरगी मनाली होती. त्यानं पाय काढला. भीती वाटत होतीच, ती काही गेली नाही. पण तो खाली उतरला आणि ड्रायव्हरचं दार उघडून बाजूला उभा राहिला.

"मी चालवली तं तुमचं रगत कोणी पाहणार नाई, बाई. मलेच पाहतीन. तुम्ही चालवा."

"मले कुठं येते?"

"बाबाचा ट्रॅक्टर चालवत होते न? हे त्याहून सोपी हाये. गियर टाका लागत नाई."

 तिनं पदराच्या टोकानं ती दोन बोटं आवळून बांधली, दातांनी गाठ मारली, उतरली आणि पुढे येऊन बसली. त्यानं दांडा कुठे ओढायचा ते दाखवलं.

"ब्रेक?"

"मोठा वाला."

त्यानं दार लावलं. त्या दाराचा आवाज शेठला शंभर दारांतून ओळखू आला असता. त्यानं पाण्यातून मान वर केली. आतून चारी दारांची कुलपं लागली.

शेठ धावत पाळ चढला, काचेवर दोन्ही हातांनी मारत सुटला. उतर म्हणाला, मग शिव्या, तिच्या आईला, भावाला, मग पुन्हा तिला. बाहेर उभ्या धर्मेंद्रला त्यातला शब्द न् शब्द ऐकू येत होता. आत कामिनी काचेतून नवऱ्याच्या उघडमिट करणाऱ्या तोंडाकडे एका डोळ्यानं पाहत होती. तिला काही ऐकू येत नव्हतं. जर्मनीची वस्तू होती ती.

शेठनं दगड उचलला. दोन्ही हातांनी डोक्यावर धरला. आणि थांबला. बायकोवर उचलताना जो हात कधी अडखळला नाही, तो मर्सिडीजच्या काचेपाशी अडखळला. तेवढ्यात गाडीनं एक हिसका दिला, मग दुसरा, आणि ती पाळीवरून झुलत झुलत सडकेला लागून नाकाडोंगरीच्या दिशेनं वळली.

मग तो दगड धर्मेंद्रवर आला. भुवई फुटली, डोळ्यात रक्त उतरलं, तो खाली बसला तर छातीत लाथ बसली. बरगडीतून काहीतरी कडकन वाजलं. मोकळ्या हवेत माराचा आवाज किती मोठा येतो, याचंच त्याला नवल वाटत होतं. त्यानं हात उचलला नाही. उचलला तर उद्या त्याच हाताची गोष्ट होईल, हे त्याला ठाऊक होतं. चार वेळा त्यानं जी पाठ फिरवली होती, तिच्यावर लाथा पडत होत्या, आणि खरं सांगायचं तर त्याला त्या फारशा अन्यायाच्या वाटल्या नाहीत.

"किल्ली कोणं देल्ली तिले?"

"किल्ली लागलीच होती, शेठ," धर्मेंद्र मातीत तोंड असतानाच म्हणाला. "एसीसाठी."

शेठ दमला. खिशातून फोन काढून त्यानं मिलमध्ये लावला. "हां, आयक," तो म्हणाला, आणि पुढे काही बोललाच नाही. काय सांगणार? बायको मर्सिडीज घेऊन माहेरी गेली? उद्या धानाच्या बाजारात जो तो मांडीवर थाप मारून हेच सांगेल. त्यानं फोन बंद केला, पुन्हा काढला, पुन्हा ठेवला. मग मोहाखालच्या दगडावर बसून राहिला. सडकेवरून मंडईला जाणारे दोन-तीन ट्रॅक्टर माणसांनी भरून गेले. शेठनं तोंड फिरवलं.

सावली पाळीखाली उतरली तेव्हा फोन वाजला. शेठनं घाईनं आपला पाहिला. वाजत होता तो धर्मेंद्रचा. ताराचंदच्या नंबरावरून.

धर्मेंद्रनं बाहीनं कान पुसला आणि फोन उचलला. आधी नुसता गलका आला, ढोल, पोरांच्या पिपाण्या, पाळण्याची करकर. मग कामिनीचा आवाज.

"पोचली, भाऊ. मंडईतून आणली गाडी. काचा खाली करून."

एवढंच बोलून तिनं फोन बहुतेक मांडीवर ठेवला. बंद केला नाही. गलका तसाच येत राहिला.

"कोण होय?" शेठनं विचारलं.

धर्मेंद्र बरगडी धरून उठला, त्याच्याकडे गेला आणि फोन पुढे केला.

"तार हाये, शेठ."

शेठनं फोन कानाला लावला.  त्याचे धुतलेले हात पुन्हा मातीनं भरले होते आणि अंगठी अजून खिशातच होती. तिकडे ढोल थांबला होता. खूप माणसं एका जागी जमून गप्प होतात तेव्हा येते तशी कुजबुज येत होती, आणि तिच्यातून एक म्हातारी बाई मोठ्यानं विचारत होती, "कोणं मारलं वो माय तुले? नाव सांग त्याचं."

धर्मेंद्र दोन पावलांवर उभा होता. तरीही त्याला तिचं उत्तर स्पष्ट ऐकू आलं.

"हेमराजनं," कामिनी म्हणाली.