आयव्हर टॉर्गर्सन यांच्या मृत्यूचा ठराव

गेल्या ऑक्टोबरात कॅनडातल्या हॅल्डेन गावाच्या सभेने आयव्हर टॉर्गर्सन या माणसाला पाच विरुद्ध शून्य मतांनी मृत ठरवलं. आयव्हर तसा बरीच वर्षं मेलेलाच होता, पण सभेचं तेवढ्यावर भागणार नव्हतं. तो १९१७ सालीच मेला असं ठरायला हवं होतं, आणि तसं ठरलं.

कागदोपत्री असं काहीही झालेलं नाही. गावाच्या इतिवृत्तात त्या रविवारी फक्त बर्फ ढकलायच्या ट्रॅक्टरच्या मागच्या टायरवर चर्चा झाली आहे. हजर असलेले पाचही जण टायरबद्दल विचारलं की भरभरून बोलतात.

हॅल्डेनमध्ये माणसं सत्तावीस आणि युद्धस्मारकावर नावं एकतीस. उद्या निवडणूक लागली तर स्मारकच बहुमताने निवडून येईल, असं लेस हॅमंड म्हणतो. लेस हा माजी सैनिक संघाच्या स्थानिक शाखेचा अध्यक्ष, चिटणीस आणि सभासद. स्मारक म्हणजे शेतातून वेचलेल्या गोट्यांचा पुरुषभर उंच चबुतरा आणि त्यावर बसवलेली काळी फरशी. त्याच्यासमोर एकेकाळी धान्याचं उंच कोठार होतं, ते पाडलं. रूळ होते, ते उपटले. शाळा होती, तिला कुलूप लागलं. लढाईतून जे वाचलं होतं ते सगळं शांततेत गेलं. स्मारक तेवढं राहिलं, कारण ते हलवायला लागणारं यंत्र जवळच्या गावात मिळत नाही.

दरवर्षी अकरा नोव्हेंबरला, पहिलं महायुद्ध संपलं त्या दिवशी, सकाळी अकरा वाजता, त्याच्यापुढे पुष्पचक्र वाहतात. पहिला मान शहिदाच्या आईचा. आई नसेल तर सगळ्यात जवळच्या नातलगाचा. हॅल्डेनमधल्या तीस नावांचे नातलग कधीच कॅल्गरीला किंवा मातीत गेले. उरलं एक नाव, आयव्हर टॉर्गर्सन, आणि त्याची एक पुतणी, अ‍ॅल्मा.

अ‍ॅल्मा अठ्ठ्याहत्तर वर्षांची. शाळा होती तोवर तिने तीत शिकवलं. लग्न केलं नाही. त्याचं कारण विचारण्याइतका धीट माणूस पंचक्रोशीत नव्हता. चौतीस वर्षं ती पुष्पचक्र वाहत आली होती. सरपंच ध्वनिक्षेपकावर म्हणायचे, "मातांच्या वतीने, कुमारी अ‍ॅल्मा टॉर्गर्सन," आणि मग रस्त्यापासून चबुतऱ्यापर्यंत चाळीस पावलं. त्या चाळीस पावलांपुरतं अख्खं गाव श्वास रोखून तिच्याकडे बघायचं. वर्षाचे बाकीचे तीनशे चौसष्ट दिवस तिला कुणी बघत नसे, फक्त सभागृहाची शेगडी पेटली नाही की हाक मारत. ती हिशेबी बाई होती. चाळीस पावलं तिला पुरत होती.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्याच्या पाटीची एक गाडी स्मारकापाशी थांबली. आतून पन्नाशीला टेकलेली, गुलाबी टोपी घातलेली बाई उतरली आणि फरशीवरचं एक नाव बोटाने चाचपून खदखदून हसली. स्मारकापुढे आजवर कुणी हसलं नव्हतं. खिडकीतून बघणाऱ्या अ‍ॅल्माने कोट चढवला आणि जाब विचारायला ती रस्ता ओलांडून गेली.

"काय झालं हसायला?"

"हे माझे आजोबा," ती बाई म्हणाली. "मी जोलीन. आजोबा नेहमी सांगायचे, पण आम्हाला वाटायचं थापा मारतायत."

"आजोबा कधी सांगायचे?"

"दरवर्षी, थँक्सगिव्हिंगच्या जेवणाला. टर्की कापता कापता."

अ‍ॅल्माने तिला घरी नेऊन कॉफी दिली. संतापाची तयारी करायला तिला तेवढा वेळ हवा होता. जोलीनने फोनमधला फोटो दाखवला. टक्कल पडलेला एक आनंदी म्हातारा, हातात भला मोठा सामन मासा, भोवती अकरा नातवंडं. कान थेट अ‍ॅल्माच्या वडिलांचे. पुराव्याला काही कमी राहिलं नव्हतं.

झालं होतं ते असं. १९२० साली गावच्या बायकांनी घरोघर फिरून नावं गोळा केली, कारण फरशी कोरणाऱ्याला यादी त्याच आठवड्याच्या गाडीने पाठवायची होती. सैन्याकडून टॉर्गर्सनांकडे कसलीच तार आलेली नव्हती. पण अ‍ॅल्माची आजी गुनहिल्ड दारात उभी राहून म्हणाली, "तीन वर्षं पत्र नाही. जिवंत असता तर लिहिलं असतं. मी मुलांना वळण लावलंय." गुनहिल्डच्या वळणावर शंका घेण्याची पद्धत गावात नव्हती. बायकांनी नाव लिहून घेतलं, आणि साल कुठलं टाकू म्हणून विचारल्यावर तिने विचार करून १९१७ सांगितलं.

आयव्हर १९२३ मध्ये कापणीच्या मजुरांच्या आगगाडीने परतला होता. गाडी पाणी घ्यायला वीस मिनिटं थांबायची. तो पिशवी घेऊन उतरला, रस्ता ओलांडला आणि स्वतःचं नाव वाचलं. मग त्याने चबुतरा नीट पाहिला. त्यातले निम्मे गोटे त्याने लहानपणी बापाच्या शेतातून स्वतः वेचलेले होते. प्रेअरीच्या सपाट माळावर गहू एखाद्या वर्षी दगा देतो, गोट्यांचं पीक मात्र दर वसंतात चुकत नाही. थंडीने जमीन फुगते आणि नवे गोटे वर येतात. दूरवर बाप वाकून गोटा उचलताना दिसला. आयव्हर परत गाडीत जाऊन बसला.

"आजोबा म्हणायचे, दगड वेचायला जिवंत माणूस लागतो," जोलीन म्हणाली. "अ‍ॅल्मा आत्या, तुम्ही हसत का नाही?"

अ‍ॅल्मा हसली नाही, कारण ती आत्या या शब्दापाशी अडखळली होती. तिला मिस म्हणणारी चार तालुके भरतील एवढी माणसं होती. आत्या म्हणायला आजवर कुणी जन्मालाच आलं नव्हतं. ती उठली आणि जोलीनला न विचारता तिच्या कपात आणखी कॉफी ओतली, जी तिच्याकडून मिळणारी सर्वोच्च पदवी होती.

मग जोलीन म्हणाली, "अकरा तारखेपर्यंत थांबते मी. आम्हा अकरा जणांच्या वतीने पुष्पचक्र वाहीन म्हणते. नात म्हणजे सगळ्यात जवळची, नाही का?"

अ‍ॅल्माने कॉफी ओतणं थांबवलं.

रविवारी दुपारी सभागृहात सरपंच ड्वेन प्रिस्टुपा, दोन सभासद, लेस आणि अ‍ॅल्मा असे पाच जण बसले. मधे पिरोगींचं, म्हणजे बटाटा भरून उकडलेल्या करंज्यांचं, पातेलं होतं. ड्वेन सरपंच होता, अग्निशमन प्रमुख होता आणि मंगळवारी कचऱ्याची गाडीही तोच चालवायचा. त्याला अपूर्णांक अ‍ॅल्मानेच शिकवले होते, आणि ते त्याला अजून येत नसत.

"प्रश्न सोपा आहे," लेस म्हणाला. "मेला नाही, तर नाव काढा."

"काढून काय ठेवू? भोक?" ड्वेन म्हणाला. "महामार्गावर आत्ताच पाटी लावलीय, एकतीस नावं म्हणून. तीसची पाटी बघून कोण वळेल इकडे?"

"एकतीसची बघून कोण वळलं?"

"ती बाई वळली ना."

"नाव काढलं तर पुष्पचक्र कुणी वाहायचं?" अ‍ॅल्माने विचारलं.

"कुणीच नाही. नातलगच उरत नाही."

"आणि ठेवलं तर?"

"तर ती नात. नियम आहे, अ‍ॅल्मा. मी सायप्रसला शांतिसेनेत होतो, मला नियम माहीत आहेत."

"सायप्रसला तू स्वयंपाकघरात होतास, लेस."

"तिथे सगळ्यात जास्त नियम."

लेसने पातेल्यातली पुढची पिरोगी उचलली. मग अ‍ॅल्मा फळ्यापुढे उभी राहिल्यासारखी उभी राहिली.

"काका जिवंत होता म्हणून नाव काढायचं, किंवा त्याला नात आहे म्हणून तिला मान द्यायचा. दोन्ही भानगडी एकाच गोष्टीतून निघतात. तो मेला नाही. तेवढं दुरुस्त करा."

"म्हणजे, मिस टॉर्गर्सन?"

"आयव्हर टॉर्गर्सन १९१७ मध्ये अविवाहित वारले. आजीने साल सांगितलंय, दगडावर कोरलंय, शंभर वर्षं आपण टोप्या काढतोय. त्यानंतर त्यांनी जे काही केलं ते खासगी पातळीवर."

"लग्नसुद्धा?" एका सभासदाने विचारलं.

"लग्न तर खासगीच असतं."

ड्वेनने हात वर केला, कारण मिस टॉर्गर्सन रोखून बघत असताना हात वर करायची त्याला दुसरीपासून सवय होती. बाकीचेही वर झाले. मग ड्वेनला शंका आली की मेलेल्या माणसाला मारायचा अधिकार गावाकडे आहे की प्रांताकडे, म्हणून इतिवृत्तात टायर लिहिला.

जोलीनला कळवायचं काम लेसकडे आलं. त्याने पदकं लावली आणि तिच्या गाडीपाशी जाऊन टोपी काढली.

"मॅडम, कळवायला दुःख होतं, तुमचे आजोबा १९१७ मध्ये गेले."

"अरेरे," जोलीन म्हणाली. "मग माझे वडील?"

"त्यांच्याबद्दल चर्चा झाली नाही."

"मग मी कोण?"

"तुम्ही पाहुण्या. कार्यक्रमानंतर पाहुण्यांना सूप मिळेल."

अ‍ॅल्मा हे खिडकीतून बघत होती. जोलीन भांडेल, निघून जाईल, असं तिला वाटलं होतं. जोलीन संध्याकाळी दारात आली आणि म्हणाली, "अ‍ॅल्मा आत्या, अंडी आहेत का दोन?" अ‍ॅल्माने सहा दिली. ठरावाप्रमाणे ही बाई तिची कुणीच लागत नव्हती. एवढी उघड बेकायदेशीर हाक अ‍ॅल्माला रात्रभर पुरली, आणि दुसऱ्या दिवशी ती अंडी संपली का हे विचारायला स्वतः गेली.

अकरा नोव्हेंबरला तापमान उणे चौदा होतं. सत्तावीसपैकी एकोणीस जण आले, हे विक्रमी होतं. ड्वेनच्या पिकअपवरच्या भोंग्यातून बिगुल वाजला. दोन मिनिटांची शांतता झाली. प्रेअरीवर ती वेगळी ओळखू येत नाही, म्हणून लेसने सुरू झाल्याचं आणि संपल्याचं हात वर करून सांगितलं.

"मातांच्या वतीने, कुमारी अ‍ॅल्मा टॉर्गर्सन."

अ‍ॅल्मा निघाली. पुष्पचक्र छातीशी, मान ताठ. गावाने श्वास रोखला. सगळं तिच्या मनासारखं होतं. विसाव्या पावलावर ती थांबली. चौतीस वर्षांत ती कधी थांबली नव्हती, त्यामुळे गावाला श्वास कुठे सोडायचा कळेना.

ती मागे वळली. गुलाबी टोपी सगळ्यात मागे, पाहुण्यांच्या जागी, एकटीच उभी होती.

"जोलीन, इकडे ये. मला धर. बर्फ आहे."

"बर्फ नाहीये, मिस टॉर्गर्सन," ड्वेन ध्वनिक्षेपकावरून म्हणाला. "मी सकाळीच झाडून मीठ टाकलंय."

"ड्वेन. बर्फ आहे."

"बर्फ आहे," सरपंचांनी ध्वनिक्षेपकावरून जाहीर केलं.

जोलीन आली आणि तिने अ‍ॅल्माचा कोपर धरला. उरलेली वीस पावलं दोघी कोरड्या सिमेंटवरून जपून जपून गेल्या. चबुतऱ्यापाशी पुष्पचक्र ठेवताना त्यावर नक्की किती हात होते याबद्दल गावात मतभेद आहेत. लेसने दोन मोजले. त्याला तिथून नीट दिसत नव्हतं, आणि त्याने नीट दिसेल अशी जागा बदललीही नाही.

सूप पिताना तो म्हणाला, "यंदा निभावलं. पुढच्या वर्षी यादीत काय लिहू? ती नातलग असेल तर मान तिचा. नसेल तर ती कुणी नाही, आणि आधाराला मी आहे."

"तुझे गुडघे बघ आधी," अ‍ॅल्मा म्हणाली.

पण मुद्दा बरोबर होता. पुष्पचक्र हवं तर काका मेलेला हवा, आणि आत्या व्हायचं तर तो जिवंत. अ‍ॅल्माने आयुष्यभर मुलांना एका गणिताला दोन उत्तरं लिहू दिली नव्हती. तिने सुपाचा वाडगा बाजूला सारला, ड्वेनकडून गावाचा शिक्का मागवला आणि शाळेच्या वळणदार अक्षरात ओटावाच्या नोंदी विभागाला पत्र लिहिलं. ड्वेनने न वाचता सही केली.

"महोदय, सविनय विनंती की, हॅल्डेन येथील कै. आयव्हर टॉर्गर्सन यांचा मृत्यू सन १९१७ मध्ये, आपल्या कार्यालयास सोयीच्या असलेल्या कोणत्याही दिवशी, अविवाहित अवस्थेत झाल्याची नोंद करण्यात यावी. तसेच त्यांचा सन १९२५ मधील विवाह, तीन अपत्ये व अकरा नातवंडे आहेत तशीच कायम ठेवण्यात यावीत. सदर नोंदींमध्ये विसंगती आढळल्यास ती दोन्ही बाजूंच्या नातेवाइकांना मान्य आहे असे समजावे, आणि तसा दाखला पुढील वर्षीच्या अकरा नोव्हेंबरपूर्वी, आत्या व भाची यांच्या स्वतंत्र नावे, दोन प्रतींत पाठवावा."