आठव्या प्रकरणातली पेटी

श्रीरंगच्या कादंबरीचं प्रकाशन संध्याकाळी पाचला होतं आणि त्याआधी सुनंदाबाईंना ती वाचून संपवायची होती. लेकाचं कौतुक म्हणून नव्हे. एकसष्ट सालापासून, चांगली पस्तीस वर्षं पोटात ठेवलेली एक गोष्ट त्यात छापून आली आहे का, एवढंच त्यांना बघायचं होतं.

त्यांची धाकटी बहीण महानंदा लग्नाआधीच बाळंत झाली, होसकोटेच्या एका दवाखान्यात, आणि चौथ्या दिवशी गेली. बाळ सुनंदाबाईंनी उचललं. त्याच आठवड्यात नवरा-बायकोनं बिऱ्हाड बसवनगुडीत हलवलं आणि नव्या शेजाऱ्यांना बाळ आपलंच म्हणून सांगितलं. ते बाळ म्हणजे श्रीरंग. दवाखान्याचं कार्ड मात्र त्यांना फाडवेना. त्यावर आईचं नाव महानंदा होतं आणि जन्मतारीख श्रीरंगची. महानंदानं आपल्या निळ्या रेशमी परकराची बाळासाठी कुंची शिवली होती, तिच्यात गुंडाळून ते कार्ड त्यांनी माळ्यावरच्या पेटीच्या तळाशी ठेवलं होतं. दोन वर्षांपूर्वी त्या धारवाडला गेल्या असताना श्रीरंगनं 'कादंबरीसाठी घराण्याचं जुनं काही मिळतं का बघतो' म्हणून माळा उपसला. तेव्हापासून त्यांचा जीव टांगणीला लागला होता. आणि आता पुस्तकाच्या पाठीवरच छापलेलं, 'एका घराण्यानं दडवलेलं गुपित'.

एक प्रकरण दोनशे वर्षांपूर्वीच्या देवनहळ्ळीच्या किल्ल्यात, पुढचं आजच्या बसवनगुडीत, अशी सगळी रचना होती. किल्ल्यात घोडे फार. प्रत्येक घोडा उधळत होता आणि प्रत्येक सरदार मिशीला पीळ देत होता. सुनंदाबाईंनी घोड्यांची पानं भराभर उलटली. आठव्या प्रकरणात नायकानं आईची पेटी उघडली आणि त्या एकेका ओळीवर बोट ठेवून वाचू लागल्या.

वर मोतिया शालू. त्याखाली वडिलांचा काळा कोट. कोटाखाली पोचा आलेली अत्तरदाणी. सगळं त्यांच्याच पेटीतलं, त्याच क्रमानं. नायकानं अत्तरदाणी उचलली आणि तिथंच पान संपलं. पुढचं पान उलटायला त्यांना धीर होईना. शेवटी अर्धवट डोळे मिटून त्यांनी ते उलटलं.

अत्तरदाणीखाली ताम्रपट होता! त्यावर एका गाडलेल्या तलवारीचा ठावठिकाणा.

त्यांचा जीव भांड्यात पडला. मग रागच आला. दोन वर्षं घासून शेवटी तलवार? म्हणजे पोरानं पेटी अर्धीच उपसली, खालपर्यंत गेलाच नाही. लहानपणापासून असाच धरसोड्या, असं म्हणत त्यांनी समाधानानं चहा टाकला.

सभागृहात पन्नासेक माणसं होती. निवृत्त प्राध्यापक पुरुषोत्तमराव पुस्तकावर बोलायला उठले आणि पहिल्याच वाक्यात त्यांनी कौतुकाचा हात आखडता घेतला.

"श्रीरंगअण्णा, रागावू नका. कादंबरीनं मला स्वल्प निराश केलं. पेटीपर्यंत तुम्ही किती खरं लिहिता! आणि मग एकदम ताम्रपट? बरं, इथं लिहिलंय, 'अत्तरदाणीच्या बुडाला निळ्या रेशमाचा एक धागा अडकला होता.' तो आला कुठून? पुढं दीडशे पानं आहेत, पण त्या धाग्याचं नाव नाही."

 सकाळी अर्धवट मिटल्या डोळ्यांनी सुनंदाबाईंनी हे वाक्य वाचलंच नव्हतं.

श्रीरंग उठला. "चूक माझीच आहे, सर. तिथं मी कच खाल्ली." तो सगळ्या सभागृहाकडे बघून बोलत होता, फक्त आई बसली होती ती रांग सोडून.

परतताना दोघं एकाच रिक्षात बसली. गांधी बझारच्या वळणावर सुनंदाबाईंनी विचारलं, "विचारलं का नाहीस रे मला?"

"तू सांगितलं नाहीस म्हणून."

"आणि लिहिलंही नाहीस."

"लिहिलं होतं. फाडून टाकलं. मग तलवार घातली."

त्यांना रडू आवरेना. पदरानं तोंड पुसून त्या बाहेर बघत राहिल्या. श्रीरंगनं हळूच विचारलं, "कशी होती गं ती?"

सुनंदाबाईंनी त्याचा हात घट्ट धरला.

"अगदी तुझ्यासारखी. तिलाही खोटं कधी धड सांगता आलं नाही."