हाताला न लागलेला ताप

पोटाचं ऑपरेशन होऊन नवरा घरी आला, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी एकच गोष्ट बजावून सांगितली होती. ताप आला तर अंगावर काढायचा नाही, असाल तसे निघून या. तेव्हापासून तिचा जीव त्याच्या कपाळातच जाऊन बसला होता. पुढच्या खोलीत इस्त्री, मागच्या खोलीत नवरा. हॉटेलच्या चादरींचा डोंगर उपसता उपसता ती मध्येच आत जायची, कपाळावर हात ठेवायची आणि हुश्श करून परत यायची. कपाळ गारच लागायचं.

आज मात्र सकाळीच त्याने दुधाचा पेला बाजूला सारला होता. पांघरूण पार हनुवटीपर्यंत ओढलेलं.

"थंडी वाजतेय का हो?"

"पंखा लागतोय जरा."

पंखा बंदच होता. तिने पुन्हा हात लावून पाहिला. गार.

दुपारी नणंद भावाला बघायला आली आणि उंबऱ्यातच थबकली. "वहिनी, याचा चेहरा बघितलात का? ताप मोजला?"

"घटकाघटकाला हात लावतेय मी."

"हाताला काय आकडे असतात?"

"पोरं वाढवली ती याच हातावर. डोळे मिटून कापड ओळखते मी."

"दादा काय कापड आहे?"

"आहेच की," तो पांघरुणातून म्हणाला. "चुरगळलेलं." पण बोलताना त्याचे दात वाजले, आणि कुणी हसलं नाही.

"मोजा तुम्ही, थर्मामीटर कपाटात आहे," ती म्हणाली, आणि तणतणत इस्त्रीकडे गेली. एका हाताने इस्त्री पुढे सरकत होती, दुसरा तळवा मागोमाग वाफाळती घडी दाबत होता. कान सगळा आतल्या खोलीत.

"वहिनी. एकशे तीन."

"बिघडलं असेल ते. कधीचं पडून आहे." तिने आत येऊन नवऱ्याच्या कपाळावर हात टेकला. गार होतं. अगदी गार.

नणंदेने तो हात बाजूला करायला धरला आणि लगेच सोडला. "तवा झालाय नुसता तुमच्या हाताचा."

तिने तळव्याकडे पाहिलं. लालभडक. अशा हाताला अख्खं घरच गार लागणार. ती वाकली. नणंदेसमोर, आजवर कधी केलं नव्हतं ते केलं, आपला गाल त्याच्या कपाळाला लावला. गाल पोळला.

त्यानंतर गाडी बोलावली कुणी, दार ओढलं कुणी, तिला कळलं नाही.

"केव्हापासून आहे ताप?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"आत्ताच चढला, दुपारी," नवरा घाईने म्हणाला आणि डोळ्यांनीच तिला गप्प केलं. तिला सांभाळून घेत होता. पेन कागदावर टेकलं. 

"नाही," ती म्हणाली. "सकाळपासून कुडकुडताहेत. त्याआधीही असेल. मी बघत होते, पण इस्त्रीवरून उठून, त्याच हाताने."

डॉक्टरीणबाईंनी लिहिलेलं खोडलं. टाक्यांभोवती बोट दाबलं, तसा तो कळवळला. "बरं झालं सांगितलंत. सिस्टर, यांना आत घ्या. थांबायला वेळ नाही."

स्ट्रेचरचा गाडा हलला. ती दांडी धरून शेजारून चालत होती.

"गप्प राहिली असतीस तर काय बिघडलं असतं?" तो पुटपुटला.

"तुम्ही," ती म्हणाली.