मंगळवारचा पहारा

आमच्या गावचा बाजारओटा इतका चांगला झाला, की तिथं बाजार भरवायला कुणाचं मनच होईना.

खर्ड्याच्या रस्त्याला ओढ्याकाठी आमचा मंगळवारचा बाजार उघड्यावर भरतो. मागं एकदा भर बाजारात गारा पडल्या, भाजीचा चिखल झाला, आणि नगरहून साहेब लोक आले. हवामान बदलाला तोंड देणारा बाजारओटा तिथंच मंजूर झाला. ओढ्याचं पाणी चढू नये म्हणून उंच जोतं, ऊन उतरू नये म्हणून दुहेरी पत्रा, गरम हवा निघून जावी म्हणून वर झरोके. दारात फलक लागला आणि फलकावर चांगुणाबाईंचा फोटो. "हसा, मावशी" असं म्हणून साहेबांनीच काढलेला. हातात वांग्यांची पाटी, खाली अक्षरं: 'लाभार्थी'.

त्या फोटोखालून चांगुणाबाई आत गेल्या त्या एकदाच, उद्घाटनाला, साहेबांना ओवाळायला. नंतर फरशी मळते म्हणून भाजीवाल्यांना बंदी झाली. मग त्या ओट्यानं दोन लग्नांना, एका वाढदिवसाला आणि उपसरपंच श्रीमंतअण्णांच्या कडब्याला समर्थपणे तोंड दिलं.

यंदा अखंड हरिनाम सप्ताहही तिथंच बसला. हरीचं नाम कुठंही गोडच. झरोक्याखाली जरा वारा लागतो, एवढंच. सप्ताहाचे अध्यक्ष श्रीमंतअण्णा. माणूस मोठा भाविक. देवासाठी काहीही सोडतील, जागा तेवढी सोडत नाहीत.

सप्ताहात मंगळवार आला. चांगुणाबाईंनी टेम्पो भरून खरबुजं आणली. सगळं रान एकाच आठवड्यात पिकलेलं. गेल्या गारपिटीत माल गेला, तेव्हा म्हातारपणी त्यांना ऊसतोडीला जावं लागलं होतं, आणि नात धनश्री शाळा सोडून पाचटात बसली होती. ही खरबुजं आज विकली तर पोरगी शाळेत, नाहीतर दिवाळीनंतर पुन्हा हातात कोयता.

दुपारी पश्चिमेला काळं धरलं. चांगुणाबाई ओट्याच्या दारात आल्या.

"अन्ना, आभाळ बगा. एका कोपऱ्यात माल ठिवू द्या."

"चांगुनाक्का, नाम चालू हाय. खरबुजावर माशा येत्यात."

"मग पंगतीच्या बुंदीवर काय येतं? भुंगं?"

"देवाच्या दारात वाद न्हाई घालायचा." अण्णांनी डोळे मिटले. वाद नको असला की त्यांची समाधी लगेच लागते.

आता पहाऱ्याचं सांगायला हवं. सप्ताहात वीणा सात दिवस जमिनीला टेकत नाही. पहारा म्हणजे ती गळ्यात घेऊन उभं राहायची पाळी. पाळी बदलली की वीणा एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते, आणि देणारा-घेणारा एकमेकांच्या पाया पडतात. वीणेकऱ्यानं बसायचं नाही, आणि तो आपण होऊन देईपर्यंत कुणी वीणा काढून घ्यायची नाही.

त्या वेळी वीणा ज्ञानेश्वर मास्तरांच्या गळ्यात होती. त्यांना सोडवायला येणारा हनुमंत पंगतीत बुंदीवर आडवा हात मारून घरी घोरत होता. मास्तर मघापासून या पायावरून त्या पायावर होत होते. बघणाऱ्यांना वाटलं, भक्तीत डोलतायत. मास्तरांची अडचण मात्र निराळी होती, आणि ताकही तीन पेले झालं होतं.

"अन्ना, तुमी घ्या की वाईच," मास्तर कळवळले.

"माझा गुडघा धरलाय, मास्तर."

आम्ही बाकीचे टाळकरी एकदम तल्लीन झालो.

"द्या हिकडं," दारातून चांगुणाबाई म्हणाल्या. पाय धुऊन, पदर खोचून त्या उभ्याच होत्या.

"बाईमानूस?" अण्णांची समाधी उतरली.

"संतांत बाया न्हवत्या का, अन्ना?" मास्तरांनी वीणा चांगुणाबाईंच्या गळ्यात घातली, पाया पडले आणि त्याच वाकलेल्या अवस्थेत दाराबाहेर पळाले.

चांगुणाबाईंनी तार छेडली, नाम घेतलं. खणखणीत गळा. आम्ही टाळकरी खरंच डोललो. तेवढ्यात पत्र्यावर पहिली गार वाजली.

चांगुणाबाई नाम घेत घेत दाराकडं चालू लागल्या.

"अगं, कुठं निघालीस?"

"माझा माल भिजतोय, अन्ना."

"आन् वीना?"

"ती माझ्या गळ्यात हाय. मी जाईन तिथं ती येनार."

अण्णांनी वीणेकडं बघितलं, बाहेर बघितलं. वीणा ओट्याबाहेर गेली की सप्ताह मोडला, आणि सप्ताह मोडला तर अध्यक्षाचं नाव पंचक्रोशीत निघणार.

"थांब! थांब माझी माय! आमी आनतो!"

आणि गुडघा धरलेले अण्णा पायऱ्या उतरून पळाले. पहिली पाटी त्यांच्याच डोक्यावर आली. मागून आम्ही. आमच्या मागून झुंबरबाईंची मेथी, भीमाची मिरची, कुणाच्या कोंबड्या. दुहेरी पत्र्यावर गारा तडतडत होत्या, खाली टाळ, मधे कोंबड्या. ओटा पहिल्यांदाच कामाला लागला, आणि साहेबांनी सांगितला होता तसाच निघाला. एक थेंब आत आला नाही.

गारा थांबल्या, पण माणसं हलेनात. खरबुजांचा वास सुटला होता.

"कसं दिलं, आक्का?"

"मला वजन करता येत न्हाई, बाबा. हात गुतल्यात. अन्ना, वाईच तराजू धरा. आन् माप नीट करा हां, वीनेसमोर हाय."

अण्णांनी आयुष्यात इतकं चोख माप केलं नसेल. वर प्रत्येकाला एक लहान खरबूज जास्तच गेलं.

मास्तर मोकळे होऊन आले, हनुमंत डोळे चोळत आला. चांगुणाबाईंनी मानेनंच नको म्हटलं. शेवटची पाटी रिकामी झाली तेव्हा त्यांनी अण्णांना खूण केली. सगळा बाजार बघत होता. गुडघ्याचं नाव काढायची सोय राहिली नव्हती. वीणा अण्णांच्या गळ्यात आली. अण्णा चांगुणाबाईंच्या पाया पडले, चांगुणाबाई अण्णांच्या.

वाकल्या वाकल्याच त्यांनी विचारलं, "म्होरल्या मंगळवारी आमी कुठं बसायचं, अन्ना?"

गळ्यात वीणा. पुढं सगळा गाव. खोटं बोलायला ही जागा नव्हे, हे अण्णांनाही ठाऊक होतं.

"हितंच," अण्णा म्हणाले, आणि तार छेडली.