चंद्रभागेचा अंगठा

तुळसाच्या पोटात सकाळपासून निवट्या उड्या मारत होत्या, ओहोटीच्या चिखलात ते इवले मासे मारतात तशा, टुणटुण! आणि तिची आई चंद्रभागा कॉलेजच्या फाटकात मासळीची पाटी डोक्यावर घेऊन वॉचमनशी भांडत होती.

“पाटी बाहेर ठेवा, मावशी.”

“आन् मांजर आली तं?”

“मी राखतो ना!”

“तू? तूच खाशील मेल्या!”

मारुती वॉचमन हसला. एरवी तुळसाही खो खो हसली असती. पण आज तिला हसू येत नव्हतं, कारण आईला आपण कुठे चाललोय हे माहीत होतं, कशाला ते माहीतच नव्हतं.

तुळसा बारावी कॉमर्स झाली होती. आता बीकॉम करायचं आणि शेजारच्या चंदूदादासारखं बँकेत चिकटायचं, हे घरात ठरलेलं. ठाण्याच्या त्यांच्या कोळीवाड्यात पंखा लावलेल्या हपिसात बसणारा चंदूदादा एकटाच! बीए म्हणजे लग्न जमेपर्यंत पोरींना बसवायची जागा, असं तो छातीठोकपणे सांगायचा. आणि तुळसाने गुपचूप भरला होता तो बीएचाच फॉर्म. खाली ‘पालकांची सही अथवा अंगठा’ असं होतं. बाबा म्हणजे गोमाजी होडीवर, आई बाजारात. तुळसाने शाईच्या पॅडवर स्वतःचा अंगठा दाबला आणि ठोकून दिला. अंगठ्याला काय, सगळे सारखेच निळे!

मग चार दिवसांनी फळ्यावर सूचना लागली, बीएच्या प्रत्येक मुलीने पालकांना घेऊन भेटावं. आज शेवटचा दिवस.

विमलाबाई मॅडम इतिहास शिकवायच्या आणि बीएचे प्रवेशही बघायच्या. पाटी मारुतीपाशी ठेवून दोघी आत आल्या, तेव्हा त्यांनी उठून खुर्ची दिली. चंद्रभागा खुर्चीच्या टोकाला, कधीही उठता येईल अशी बसली.

“गेल्या वर्षी एकतीस मुली बीएला आल्या,” मॅडम म्हणाल्या. “दिवाळीनंतर अठरा उरल्या. घरी नीट माहीतच नसतं, मग कळलं की काढून नेतात. म्हणून मी आधीच भेटते.”

“बीए?” चंद्रभागेने मान वळवली. तुळसा फरशीकडे बघत राहिली. आईची नजर तिच्या कानाला चटके देत होती.

पण आई मॅडमकडेच वळली.

“ह्यात काय शिकवता?” चंद्रभागेने मॅडमना विचारलं.

“इतिहास, अर्थशास्त्र, मानसशास्त्र, तत्त्वज्ञान, मराठी. आधी थोडं थोडं सगळं, मग एक विषय धरून खोल जायचं.”

“आन् नोकरी?”

“हमी नाही देत मी. पण कुणी काही सांगितलं की कशावरून, असं विचारायला नक्की शिकवतो.”

“ते तं आमच्या बाजारात रोज शिकतान. ताजा कशावरून?”

मॅडम मोठ्याने हसल्या. तेवढ्यात मॅडमनी फॉर्म पुढे सरकवला. “तुमचा अंगठा आहेच म्हणा इथे.”

चंद्रभागेने कागद उचलला. खिडकीच्या उजेडाकडे धरला, गिऱ्हाइकापुढे माशाचा कल्ला उघडून दाखवते तसा. आईला अक्षर येत नव्हतं, पण आयुष्यभर जे एकच लिहीत आली होती, ते तिला वाचता येणारच होतं! हे तुळसाला आत्ता सुचत होतं. आत्ता!

“हा आंगठा माजा नाय.”

तिने स्वतःचा अंगठा मॅडमपुढे धरला.

“माज्यावर विळीची चीर हाय, ही बगा, आडवी. हा तं गुळगुळीत. ह्या आंगठ्यानी कंदी मासा कापला नाय.”

मॅडमचा चेहरा उतरला. “तुळसा, हा फॉर्म मला रद्द करावा लागेल.”

तुळसाला वाटलं, आता पायाखाली फरशी नाही, नुसता चिखल आहे.

“कनाला केलंस गो?” आई म्हणाली, अगदी हळू.

“कशाला म्हणजे... तू नाही म्हणाली असतीस.” तुळसाचा आवाज फाटला. “पुस्तकात आहे, पहिली आगगाडी ठाण्याला आली. कोण साहेब बसले, सगळं आहे. आपण तेव्हा कुठे होतो, ते कुठेच नाही. मला ते शोधायचंय.”

“कुठं म्हंजे? खाडीत! जाळी टाकीत होतो.”

“कशावरून?” तुळसाच्या तोंडून निघून गेलं. तिने जीभ चावली. आता थोबाडीत बसणार, म्हणून डोळे मिटले.

थोबाडीत बसली नाही. डोळे उघडले तर आई मॅडमकडे हात पसरून बसली होती.

“कोरा कागद हाय?”

मॅडमनी खणातून नवा फॉर्म काढला. तुळसाने तो पुन्हा भरला. चंद्रभागेने अंगठा पॅडवर घोळवून कागदावर टेकवला. निळ्या डागात मधोमध पांढरी रेघ उमटली.

“हा बगून ठेवा, बाई. रेघेबिगर दुसरा आला, तं हिला त्याच पावली घरी धाडा.”

बाहेर येऊन तिने मारुतीकडून पाटी घेतली, बोंबील मोजल्यासारखे बघितले आणि चुंबळ डोक्यावर ठेवली.

“माजं झालं. बापाला तू सांगायचं. आजच.”

“मी?”

“मंग कोन? तुजा आंगठा?”

बाबांची होडी भरतीबरोबर किनाऱ्याला लागायची. घरी जाताना तुळसाने खाडीच्या पुलाखाली बघितलं. चिखल बुडायला लागला होता, आणि पाणी आज नेहमीपेक्षा भरभर चढत होतं.