माळीवाड्यातली खानावळ

“मावशी, ते ताट नेऊ नका. पाळकसाहेब येतायत, थांबा जरा,” कल्याण स्वयंपाकघराच्या मागच्या दारातून म्हणाला. चर्चच्या मंडळीतल्या तरुणांचा तो पुढारी. हातात स्कूटरची किल्ली होती आणि नजर बनाबाईला सोडून सगळीकडे फिरत होती.

बनाबाईची मूठ मिठाच्या डब्यात होती. समोर मुगाच्या डाळीतली मेथी रटरटत होती. तिने मूठ डब्यातच सोडली, डब्याला झाकण लावलं आणि पदराला हात पुसले.

सीना नदीचं पाणी खालच्या आळीत शिरलं, तसा चर्चने घंटा वाजवून हॉल उघडला होता. आता तिथे बाकं जोडून आळी पसरली होती. ओल्या गोधड्या, देवांच्या तसबिरी, प्लास्टिकच्या पोत्यातला टीव्ही, कुणाची तरी शेळी. पाळकीणबाईंनी आपल्या साड्या वाटून टाकल्या होत्या. मंडळीतल्या बायका रोज पीठ मळण्याआधी देवाच्या नावाने एक मूठ बाजूला काढतात. घरोघरचं ते पीठ सकाळीच गोळा झालं होतं, आणि त्या पिठाच्या भाकरी बनाबाई पहाटेपासून थापत होती. पोरंसोरं, बाप्ये, सगळे जेवत होते. एकटी रतनबाई कोपऱ्यातल्या बाकाच्या कडेवर टेकली होती. गळ्यात माळ, मांडीवर औषधांची पिशवी.

रतनबाई म्हणजे बनाबाईची शेजीण, भिंतीला भिंत. बनाबाईच्या नवऱ्याला मातीला नेलं तेव्हा सगळ्यात मोठ्याने रडली होती ती रतनबाई. पण आपल्या अंगणात उभं राहून. बनाबाईच्या घरात ती कधी पाण्याचा घोट प्यायली नव्हती. बनाबाईच्या आज्याने ख्रिस्त घेतला, गावाने आज्याला घेतलं ते त्याच्या जातीसकट. आणि शहरातही ती जात भिंतीच्या पलीकडून बरोबर ओळखू आली.

पाळकसाहेब आत आले. पँट गुडघ्यापर्यंत भिजलेली, डोळे जागरणाने तांबडे.

“बनाबाई, रतनबाईंनी सकाळी मधुमेहाचं इंजेक्शन घेतलंय. वरून पोटात काही नाही. बिस्किटसुद्धा नको म्हणतात. हात थरथरायला लागलेत.”

“मंग मी न्हेतच हुते की ताट.”

“त्या…” पाळकसाहेबांनी चष्मा काढून पुसला. “त्या म्हणतात, त्या खानावळीतलं मागवा.”

बनाबाईने गॅस बारीक केला.

“माळीवाड्यात बी पानी हाय म्हनावं.”

“म्हटलं मी. म्हणाल्या, करोनात येत हुतं, मंग आत्ताच काय झालं?”

कल्याणला हसू आलं. ते त्याने खोकल्यात घातलं.

करोनाच्या दुसऱ्या लाटेत रतनबाईचं अख्खं घर आजारी होतं. नातेवाईक फोनवरच हळहळत होते. चर्चमधून डबा जायचा. पहिल्या दिवशी रतनबाईने फोनवर विचारलं, कुणाच्या हातचं? पाळकसाहेब भला माणूस. बाईच्या पोटात चार घास जावेत म्हणून बोलून गेले, माळीवाड्यातल्या खानावळीतलं आहे, सोवळ्यातली बाई आहे. त्यांना वाटलं, एका जेवणापुरतं खोटं. पण डबा रोज गेला आणि डब्याबरोबर खोटंही रोज गेलं, गरम गरम.

पुढे आळीने चर्चचा सत्कार केला. पाळकसाहेबांना शाल मिळाली. रतनबाईने खानावळवालीसाठी हिरवा खण आणि नारळ दिला. पाळकसाहेबांनी तो खण मान खाली घालून बनाबाईच्या हातात ठेवला. तो अजून ट्रंकेत तसाच आहे. शिवून अंगात घालावा, तर भिंतीपलीकडून ओळखू येईल.

“कल्याण मागच्या दाराने नेईल,” पाळकसाहेब म्हणाले. “स्कूटरवर. चर्चला वळसा घालून पुढच्या फाटकाने आत येईल. म्हणजे बाहेरून आल्यासारखं…”

“पावसात?”

“झाकून नेईल.”

बनाबाईने त्यांच्याकडे नीट पाहिलं. “पाळकसाहेब, प्रभुभोजनाची भाकर मीच करते न्हवं?”

“हो.”

“ती तुमी हातात घेता, मोडता, म्हनता, ही प्रभूनं दिली. बराबर हाय. तितं मला माझं नाव नगंच. पर रतनबाईला सांगताना येकदा घ्या की माझं नाव. लई न्हाई मागत.”

“आज नको, बनाबाई. आज त्यांनी जेवायला पाहिजे. पाणी ओसरलं की मी स्वतः सांगेन.”

“करोना वसरला की सांगनार हुता.”

पाळकसाहेबांनी चष्मा पुन्हा पुसायला घेतला. तो स्वच्छच होता.

हॉलमधून कुणीतरी ओरडलं, “साहेब, बाईला दरदरून घाम सुटलाय!”

बनाबाईने भाकरी चांदीच्या कागदात गुंडाळली, भाजी डब्यात घातली, सगळं पिशवीत ठेवून पिशवीला गाठ मारली. पिशवी घेताना कल्याण म्हणाला, “मावशी, खानावळीचं बिल तरी द्या.” पण कुणी हसलं नाही, तेव्हा तो गुमान गेला.

खिडकीतून तिला स्कूटर दिसत राहिली. घंटेच्या मनोऱ्यामागून गेली, चाफ्याखालून वळली, कंपाउंडच्या भिंतीआड दिसेनाशी झाली. दहा पावलांवरच्या माणसासाठी तिची भाकर गावाला निघाली होती. आई जात्यावर म्हणायची ती ओवी तिच्या ओठांवर आली, आवाज न करता.

शेजी येती गं दारात, सुखदुख बोलायाला
पानी द्याया उठले मी, ती लागली चालायाला

पुढच्या फाटकाशी हॉर्न वाजला. पोरं ओरडली, “आला, आला! माळीवाड्याचा डबा आला!”

रतनबाई जेवली. भाकरीचा कागद उलगडण्याचा आवाजही बनाबाईला ऐकू आला, इतके तिचे कान तिकडे होते.

थोड्या वेळाने स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर पावलं थांबली.

“बने, हायस का गं आत?”

रतनबाई उभी होती. चेहऱ्यावर रंग आला होता, थरथर थांबली होती. हातात चांदीच्या कागदाची पुडी.

“सकाळधरनं समद्यांचं रांधतीयास. तुझ्या तोंडात काय गेलं का न्हाई? ह्ये घे. उष्टं न्हाई हां, आधीच काडून ठिवलं तुझ्यासाटनं.”

“ऱ्हाऊ द्या रतनबाई. तुमीच खावा.”

“घे म्हनते ना! त्याच बाईच्या हातचं हाय. तीच चव. त्या टायमाला तिच्यामुळं जगले मी. रोज सांजच्याला दिवा लावताना तिचं नाव घेते. नाव कुटं ठावं हाय म्हना, खानावळवाली माउली म्हनते झालं.”

बनाबाईने तोंड उघडलं. शब्द दातांपर्यंत आला होता. मग तिची नजर रतनबाईच्या बोटांवर गेली. आता सांगितलं, तर ही तीच बोटं घशात घालील. पोटातलं सगळं बाहेर काढील आणि पुन्हा घामाने भिजेल. हिला ती ओळखून होती.

तिने ओंजळ पुढे केली.

रतनबाईने वीतभर वरून घास सोडला. जरासुद्धा न शिवता, सवयीने, नेमका ओंजळीत.

बनाबाईने खाल्लं.

“कसं हाय?”

“मीठ कमी हाय.”

“आगं बया! दुसऱ्याच्या रांधन्याला नावं ठिवायला बरी तू! त्या माउलीच्या हाताची सर तरी येईल का तुला?” रतनबाई हसत हसत वळली आणि अर्ध्यात थांबली. “सांच्याला बी तिचंच मागवा म्हनावं साहेबास्नी.”

बनाबाईने संध्याकाळसाठी दुसरं पातेलं चढवलं. मिठाचा डबा उघडला, मूठ भरली, आणि या वेळी आठवणीने टाकली.

मागच्या दाराशी कल्याण पिशवीतलं पाणी झटकून ती पुन्हा स्कूटरला अडकवत होता.